डाळिंबातला रस पिणारा पतंग: जीवनक्रम, सवयी आणि बंदोबस्त (कसमादे पट्टा: कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा)

मोसमकाठ

आंबे बहराचा (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचा) उशिराचा माल झाडावर आहे आणि लवकर धरलेला मृग बहरही (जून-जुलैचा फुलोरा) रंगावर येतोय. सटाणा, नामपूर, देवळा, मालेगाव सगळीकडून एकच विचारणा: फळाला टाचणीएवढं भोक, दाबलं की रसाची चिळकांडी, आणि चार दिवसांत फळ खाली. फवारणीवर फवारणी चालू आहे, फरक शून्य. म्हणून हा धागा.

फवारणी का लागू पडत नाही ते आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. बहुतेक किडींमध्ये नुकसान अळी करते आणि पतंग निरुपद्रवी असतो. इथे उलट आहे. या किडीची अळी डाळिंबाला तोंडही लावत नाही. ती वाढते गुळवेल, वासनवेल, पहाडवेल यांच्या पानांवर, म्हणजे बांधावर, कुंपणावर, नाल्याकाठी, डोंगराच्या उतारावर. बागेत येतो तो पूर्ण वाढलेला पतंग, तोही अंधार पडल्यावर. सोंड खुपसतो, रस पितो, उजाडायच्या आत निघून जातो. फळाच्या सालीवर मारलेलं स्पर्शजन्य औषध त्याच्या पायाला लागलं तर लागलं, पोटात जात नाही, कारण तो साल खात नाही, आतला रस ओढतो. आंतरप्रवाही औषधं पानात फिरतात, पिकलेल्या दाण्याच्या रसात मारक प्रमाणात उतरत नाहीत. उतरलीच तर माल खाण्यालायक राहणार नाही.

आपल्याकडे मुख्यतः दोन जाती: युडोसिमा मटेर्ना आणि युडोसिमा फॅलोनिया. जुन्या पुस्तकांत त्याच ऑथ्रेइस नावाने सापडतील. दोन्हींना नावं दिली लिनियसने, अठराव्या शतकात. ओळख, जीवनक्रम, सापळे, पिशव्या, जे ज्याला माहीत आहे ते इथे लिहा.

टोचा_की_तेल्या

आधी निदान नीट करू, कारण निम्मे लोक भलत्याच किडीवर औषध मारतात.

पतंगाचं भोक गोल, साधारण २ मिलीमीटरचं, कडा स्वच्छ. भोकातून विष्ठा येत नाही. पहिल्या दिवशी भोक दिसतही नाही, फक्त फळ हातात घेऊन अंगठ्याने दाबलं की रस उडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भोकाभोवती तपकिरी गोल डाग पडतो, साल मऊ होते. भोकातून बुरशी आणि जिवाणू आत गेलेले असतात, आतून दाणे आंबतात. मग फळगळ. फळ कापलं तर भोकाखालचे दाणे रस गेल्यामुळे पांढुरके, चिपाड झालेले दिसतात.

सुरसा अळी, म्हणजे फळ पोखरणारी, वेगळी. ती फुलपाखराची अळी आहे. तिच्या भोकातून ओली विष्ठा बाहेर येते, दुर्गंधी सुटते आणि फळ कापलं की अळी सापडते. पतंगाच्या फळात अळी नसते. नंतर बारीक पांढऱ्या अळ्या दिसल्या तर त्या सडक्या फळावर आलेल्या माश्यांच्या.

तेल्या या जिवाणूजन्य रोगाचा डाग तेलकट, काळपट, कोनात तडकलेला. त्यात भोक नसतं.

गावठी_कीटकशास्त्र

पतंगाची ओळख. पंख पसरले तर ८ ते १० सेंटीमीटर, म्हणजे चांगलाच दांडगा. पुढचे पंख तपकिरी-करडे, शिरा असलेल्या वाळक्या पानासारखे. दिवसा ते मिटून पालापाचोळ्यात बसला की पायाशी असूनही दिसत नाही. मागचे पंख मात्र भडक नारिंगी-पिवळे. मटेर्नाच्या मागच्या पंखावर मध्ये एक गोल काळा ठिपका आणि काठाला पांढरे तुकडे असलेली काळी किनार. फॅलोनियाच्या पंखावर ठिपक्याऐवजी जाड, वळलेला काळा पट्टा. बंदोबस्त दोघांचा एकच, त्यामुळे जात ओळखण्यात फार वेळ घालवू नका.

खरं बघण्यासारखं अवयव म्हणजे सोंड. फुलावरच्या पतंगाची सोंड मऊ असते. याची टोकाला कडक झालेली, टणक आणि दातेरी, उलट वळलेल्या काट्यांची. सोंड दोन अर्धांची बनलेली असते. ते अर्ध आलटून पालटून एकमेकांवर सरकतात, त्याच वेळी टोक डावी-उजवीकडे थोडं फिरतं. एक अर्ध काट्यांनी सालीत घट्ट धरतो, दुसरा पुढे घुसतो. अशी करवत चालते म्हणून डाळिंबाची जाड सालही आडवी येत नाही. नर आणि मादी दोघेही टोचतात. एक पतंग एका रात्रीत एकाच फळावर थांबत नाही, आणि नुकसानीचा आकडा यामुळेच फुगतो.

पोळकांदा

एक विचारायचं होतं. भोकं दिसतात तिथे रात्री बारीक, काळपट पतंगही बसलेले असतात. ते पण टोचतात का?

गावठी_कीटकशास्त्र

@पोळकांदा, ते बहुतेक दुय्यम. त्यांची सोंड साल फोडण्याइतकी दणकट नसते, आधीच्या भोकातून किंवा तडकलेल्या फळातून ते रस पितात. मागच्या काळ्या पंखावर पांढरा पट्टा आणि ठिपके असतील तर तो एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग. बांधावर एरंडी लावली असेल तर तो हमखास दिसतो. त्यांना मारून मूळ नुकसान थांबत नाही. सापळ्यातल्या पतंगांची संख्या बघून खूश होण्याआधी त्यात नारिंगी पंखाचे किती आहेत ते मोजा.

मोसमकाठ

जीवनक्रम लिहितो. पावसाळी हवेत अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण पाच-सहा आठवडे धरा. थंडीत लांबतो.

अंडी: गुळवेल-वासनवेलीच्या पानावर, बहुधा खालच्या बाजूला. घुमटासारखी, जेमतेम १ मिलीमीटर, फिकट हिरवट-पिवळी. कधी सुटी, फॅलोनियाची कधी पुंजक्यात. एक मादी काही शे अंडी घालते. ३ ते ४ दिवसांत अळी बाहेर.

अळी: अडीच ते तीन आठवडे. लहानपणी हिरवट, पारदर्शक, पानाखाली चिकटलेली, सापडत नाही. मोठी झाली की ५ ते ६ सेंटीमीटर, मखमली काळपट किंवा तपकिरी, कधी हिरवट-पिवळी. एकाच वेलीवर दोन रंगांच्या अळ्या सापडल्या तर दोन किडी समजू नका. खूण एकच बघायची: पाठीच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे दोन-दोन ठिपके, पांढऱ्या-पिवळ्या कड्याचे. हात लावला की डोकं खाली मुडपते आणि मागचा भाग वर उचलून तशीच थिजते. चालताना अंगाची कमान करते. ती चावत नाही, तिला विषारी केसही नाहीत, हाताने वेचायला हरकत नाही.

कोष: अळी वेलीचीच दोन-तीन पानं रेशमाने ओढून जोडते आणि आत तपकिरी कोष करते. काही कोष खालच्या पाल्यातही पडतात. साधारण १० ते १४ दिवस.

पतंग: तीन-चार आठवडे जगतो, आणि त्या काळात रोज रस लागतो.

आता हे कॅलेंडरवर मांडा. गुळवेलीची पानं हिवाळ्याकडे झडतात, उन्हाळ्यात वेल उघडी पडते. तेव्हा कीड नाल्याकाठच्या हिरव्या वासनवेलीवर थोडीफार तग धरते. जूनच्या पावसाने सगळीकडे कोवळी पानं फुटतात, अंडी पडतात. जुलैअखेर पहिली मोठी पिढी, सप्टेंबरमध्ये त्यांची पोरं. म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर जोर, आणि थंडी पडली की उतार. हस्त बहराचा (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याचा) माल फेब्रुवारी-मार्चनंतर येतो, तो या पाखराच्या हंगामाबाहेर पडतो. पण उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी पुरवणं मालेगाव-सटाण्याच्या किती विहिरींना जमतं, हा प्रश्न आहेच. नुसतं पतंगासाठी बहर बदला असं मी कुणाला सांगणार नाही.

निंबावरची_वेल

म्हणजे गुळवेल उपटायची? काढ्यासाठी लोक मुद्दाम लिंबावर चढवतात. घरोघरी आहे. शेजारी ऐकणार नाहीत.

बांधकोरडा

ताई, सरसकट उपटा असं बहुतेक पत्रकांत असतं, पण त्याने काम होत नाही असं माझं मत. कारणं दोन. एक, हा पतंग लांबवर उडतो. सेलबारी-डोलबारीच्या रांगांत, साल्हेर-मुल्हेरकडच्या जंगलात या वेली भरपूर आहेत, तिथून तो येणारच. ती कुणी उपटू शकत नाही आणि उपटूही नये. दोन, तुमच्या बांधावरची वेल गेली तर त्याच मादीने दोन शेतं पलीकडे अंडी घातली, एवढंच.

करायचं असं: बागेच्या कुंपणात, ताटीत आणि काटेरी झुडपांत गुंतलेली वासनवेल-गुळवेल, जिथे हात पोचत नाही आणि नजर पडत नाही, ती मे अखेर, पाऊस पडायच्या आत मुळासकट काढा. गुळवेलीचं नुसतं खोड कापलं तर वरचा तुकडा हवेत मुळ्या सोडून पुन्हा जमिनीला टेकतो, आणि पडलेला तुकडाही फुटतो. म्हणून तुकडे गोळा करून वाळवायचे, बांधावर टाकून द्यायचे नाहीत. आणि घराजवळ, वाटेवर, जिथे रोज जाणं-येणं आहे तिथे एक-दोन वेली मुद्दाम ठेवा. मादीला जवळपास दुसरं पान नसलं की ती तिथेच अंडी घालते. जुलैपासून दर चार-पाच दिवसांनी पानं उलटून बघा. पानाला गोल खाचा, खाली काळी लेंडी दिसली की अळी आहेच. वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. जोडलेली पानं तोडून तीही त्यातच. या वेलीवर औषध फवारू नका, विशेषतः काढ्याला वापरत असाल तर.

पोळकांदा

पांगाऱ्यावर पण ही अळी असते असं कुठेतरी वाचलं. आमच्या बांधाला चार पांगारे आहेत. तोडू का?

गावठी_कीटकशास्त्र

नका तोडू. पांगाऱ्यावर ती वाढते पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर. आपल्याकडे तिचं खाद्य गुळवेलीच्या कुळातल्या वेली. झाडाचा काही दोष नाही.

सांजदिवा

रात्रीचं वेळापत्रक लिहितो. पतंग सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात बागेत शिरतो. सगळ्यात जास्त गर्दी ८ ते ११. मध्यरात्रीनंतर कमी होते. पहिल्या दोन-तीन ओळी, त्यातही डोंगराकडच्या किंवा झाडीच्या बाजूच्या, सर्वात जास्त मार खातात. पुढचं सगळं काम या तीन तासांत आणि या ओळींत.

बॅटरी मारली की पतंगाचे डोळे अंधारात निखाऱ्यासारखे लाल-नारिंगी चमकतात. पंख दिसले नाहीत तरी डोळे दिसतात. सोंड आत असताना तो चटकन उडत नाही. फुलपाखरं पकडायची जाळी, नाहीतर तारेच्या कड्याला मच्छरदाणीचा तुकडा शिवून खाली तोंड बंद केलेली पिशवी, फळावर वरून घालायची. कड्याचा व्यास ३० सेंटीमीटरच्या आसपास ठेवा, मोठं कडं फांद्यांत अडकतं. दोघं जण लागतात, एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात जाळी. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण एक मादी पकडली तर तिची उरलेली अंडी पडायची टळली, हा हिशेब धरा. दोन-चार एकरांच्या बागेला हे जमतं. वीस एकराला नाही.

धूर: ओलसर पाचट, कडुलिंबाचा पाला, खाली थोडी वाळकी काटकी. ढीग वाऱ्याच्या वरच्या बाजूला, बागेच्या बाहेर, दिवस मावळताना पेटवायचा आणि ११ पर्यंत धुमसत ठेवायचा. ज्वाळा नकोत, नुसता धूर. पाऊस असेल किंवा वारा जोरात असेल तर उपयोग नाही. धूर थांबला की पतंग परत येतो.

टोचा_की_तेल्या

विषारी आमिषाचं प्रमाण इथे नोंदवून ठेवतो: १ लिटर पाणी, १०० ग्रॅम गूळ, १० मिली मॅलॅथिऑन ५० टक्के प्रवाही, आणि चमचाभर शिरका. गूळ आधी कोमट पाण्यात विरघळवून गार होऊ द्या, औषध शेवटी घाला. शिरका नसेल तर जास्त पिकलेली केळी किंवा टोचलेल्या डाळिंबाचा रस चालतो, आंबूस वास महत्त्वाचा. पसरट तोंडाच्या भांड्यात ओतून वर दोन-तीन काटक्या तरंगत सोडा, पतंगाला बसायला आधार लागतो. १० झाडांमागे एक भांडं, पण आधी काठाच्या ओळी.

चुका कुठे होतात: भांडं दिवसाही तसंच ठेवतात. गुळावर मधमाश्या येतात आणि मरतात, मग बहराला फळधारणा कमी म्हणून तक्रार. संध्याकाळी ठेवा, पहाटे झाकून उचला. जनावरं आणि पोरं यांच्यापासून लांब, भांड्यावर विष असं लिहून. हातमोजे घाला. पावसाने पातळ झालं की बदला. आणि हे द्रावण फळावर किंवा पानावर कधीच शिंपडायचं नाही. निर्यातीचा माल असेल तर अवशेषाच्या तपासणीत सापडेल.

बांधकोरडा

आमिषाबद्दल थोडं गार पाणी ओततो, माफी असावी. झाडावर पिकलेली फळं असताना गुळाच्या भांड्याला स्पर्धा फार. भांड्यात सापडतात ते बरेचसे दुय्यम पतंग. आमिषाचा उपयोग फळं रंगायला लागण्याच्या आधी, पहिले पतंग यायला लागताच ठेवलं तरच.

नवीन_बागवाला

सौर प्रकाश सापळा लावला तर? दुकानदार म्हणतो एकरी एक पुरे.

सांजदिवा

दुसऱ्या किडींसाठी ठीक. हे पाखरू साध्या दिव्याकडे फारसं येत नाही, ते फळाच्या वासाने येतं. उलट जपानात फळबागांत पिवळे दिवे लावतात ते पतंग पकडायला नाही, लांब ठेवायला. पतंगाचे डोळे अंधाराला सरावलेले असले की तो खाण्या-मिलनाच्या कामाला लागतो. पिवळ्या उजेडात डोळे दिवसाच्या अवस्थेत जातात आणि तो गप्प बसून राहतो. मात्र प्रत्येक फळापर्यंत उजेड पोचावा लागतो. पानांच्या सावलीतलं फळ टोचलं जातंच. शिवाय संध्याकाळी लोडशेडिंग असेल तर नेमक्या हव्या त्या तासांना दिवे बंद.

मोसमकाठ

पिशव्यांबद्दल, कारण हमखास उपाय म्हणावा असा एवढाच आणि जाळी.

बटर पेपरची किंवा न विणलेल्या पांढऱ्या कापडाची पिशवी. पतंगासाठी घालायची तर फळ रंग धरायच्या आधी, काढणीच्या महिना-दीड महिना आधी. सुरसा अळीसाठीही हवी असेल तर फळ लिंबाएवढं असतानाच. घालण्याआधी पिठ्या ढेकूण आणि बुरशीसाठीची फवारणी उरकून फळ कोरडं होऊ द्या. पिठ्या आत कोंडला गेला तर पिशवीत त्याचंच राज्य, आणि उघडेपर्यंत कळत नाही.

पिशवी सैल हवी. सोंड कागदातून आरपार जाते. कागद फळाला चिकटला असेल तर पिशवी असूनही टोचा बसतो. पावसात बटर पेपर भिजून नेमका चिकटतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरच्या मालाला कापडी पिशवी बरी, खाली पाणी निघायला कोपरा कापलेली. देठाशी बांधताना देठ पिळला जाऊ नये. झुपक्यातली फळं आधी विरळ करा, एका पिशवीत दोन फळं घालू नका.

जाळी: गारपिटीची किंवा पक्ष्यांची, भोक १ सेंटीमीटरच्या आसपास. एवढ्या मोठ्या पंखांचा पतंग त्यातून जात नाही. वरून ताणली आणि बाजू उघड्या ठेवल्या तर पैसे पाण्यात. तो बाजूनेच शिरतो. चारी बाजू जमिनीपर्यंत आणि खाली माती किंवा दगड. फांद्या जाळीला टेकू देऊ नका, टेकलेलं फळ बाहेरून टोचतो.

पोळकांदा

पिशव्यांचा मजुरी खर्च बघता सगळ्या बागेला परवडत नाही.

मोसमकाठ

सगळ्या बागेला नकोच. वर सांगितलेल्या काठाच्या ओळी, डोंगराकडची बाजू, आणि झाडाच्या बाहेरच्या बाजूची मोठी फळं. आतल्या भागाला वेचणी आणि धूर.

नवीन_बागवाला

तोडा लवकर केला तर? थोडा रंग आला की काढून घ्यायचं.

टोचा_की_तेल्या

डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. केळी-आंब्यासारखं घरात ठेवून गोडी येणार नाही. भगवा या जातीला रंग आणि गोडी झाडावरच यावी लागते. फक्त एक करा: माल तयार झाला की भाव वाढेल म्हणून पंधरा दिवस लटकवत ठेवू नका. तेच पंधरा दिवस पाखराला हवे असतात.

आणि खाली पडलेली फळं. हे सर्वात स्वस्त काम, आणि तेच होत नाही. आंबलेल्या फळाचा वास लांबून पतंग ओढून आणतो. रोज सकाळी वेचा, दोन फूट खड्ड्यात टाकून वर माती दाबा. उकिरड्यावर टाकली तर बागेशेजारीच आमिषाचं भांडं मांडल्यासारखं. झाडावरची टोचलेली फळंही तोडून त्यातच टाका, ती वाचणार नाहीत.

कळवणचा_द्राक्षवाला

आमच्याकडे अर्ली द्राक्ष आहे, ऑक्टोबरपासून गोडी धरते. पतंग द्राक्षालाही लागतो का?

गावठी_कीटकशास्त्र

लागतो. द्राक्ष, पेरू, पपई, मोसंबी, पिकलेलं टोमॅटोसुद्धा. निफाड-दिंडोरीकडे मुख्य हंगाम जानेवारीनंतरचा, तेव्हा पाखरू जवळजवळ नसतं. कसमादेच्या अर्ली मालाचं मात्र नेमकं त्याच्या हंगामात पिकणं असतं. मण्याला टोचा बसला की रस घडावर ओघळतो, आंबतो, चिलटं येतात आणि शेजारचे मणी सडत जातात. एक मणी गेला असं नसतं, घड जातो. टोचलेला मणी दिसताच बारीक कात्रीने काढा, घड ओला असताना नाही, ऊन पडल्यावर. बाजूला डाळिंब असेल तर त्याची काढणी झाल्यावर पाखरं द्राक्षाकडे सरकतात, त्या आठवड्यात रात्रीची फेरी वाढवा.

सांजदिवा

पॅकिंगचं राहिलं. तोडलेल्या दिवशी ताजा टोचा डोळ्यांना दिसत नाही, आणि तेच फळ बाजारात पोचेपर्यंत अख्खं क्रेट ओलं करतं. म्हणून पतंगाच्या हंगामात माल तोडून एक रात्र सावलीत, हवेशीर, एकाच थरात ठेवा. सकाळी प्रत्येक फळ हातात घेऊन हलकं दाबा, रस आला की बाजूला. व्यापारी जागेवर सौदा करत असेल तर हे त्याच्यासमोरच करा, मागाहून वजनात कट लावायला जागा राहत नाही.

निंबावरची_वेल

लिंबावरच्या वेलीची पानं उलटून पाहिली. दोन जोडलेली पानं सापडली, आत कोष. चुरडायचे की साबणाच्या पाण्यात?

बांधकोरडा

ताई, चुरडलं तरी चालेल. जोडलेली पानं आधी उघडून बघा, कोषाला बारीक गोल भोक असेल तर परजीवी माशी किंवा गांधीलमाशी बाहेर पडून गेलेली असते, तो रिकामा आहे. भोक नसेल तर भरलेला. वेलीची वरची बाजूही बघा, शिडी लावून. अळ्या खालीच राहतात असं नाही.